ज्यांची नोंद पुरी झाली नाही
(जुबिली-सप्ताहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुबिलीच्या सप्ताहात आनंदाचे विषय पुष्कळ असताना आम्ही आज आपल्यापुढे शोकाचा विषय मांडावा, हे कित्येकांस कदाचित रुचणार नाही. परंतु जुबिली या शब्दाचे मूळ ज्यांनी शास्त्रात पाहिले असेल, त्यांस आमच्या विषयाचे नवल वाटू नये. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने मोशेला जी जुबिली सांगितली ती रोषणाईची व मेजवानीची नव्हती. ती परतीची होती. सात वर्षांची सात आवर्तने झाली म्हणजे पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकावे, दास मोकळे व्हावेत, हातची गेलेली जमीन मूळ वतनदाराकडे यावी, आणि प्रत्येकाने आपल्या वतनाकडे व आपल्या कुटुंबाकडे परत जावे, अशी ती आज्ञा आहे. म्हणजे जुबिलीचा खरा हिशेब कोण कोण घरी आले यावर व्हावयाचा. आणि मग ओघानेच दुसरा प्रश्न येतो की, कोण आले नाही?

आपल्या देवळाच्या कपाटात तीन जुन्या वह्या आहेत. एक स्नानसंस्काराची, एक लग्नाची व एक मृतांची. ज्या मुलाचे नाव पहिल्या वहीत चढले, त्याच्या नावाच्या कडेला पुढे लग्नाचीही नोंद होते, आणि अखेरीस तिसऱ्या वहीत त्याची शेवटची ओळ लिहिली जाते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ख्रिस्तसभा आपल्या लेकराचा हात सोडीत नाही, असाच या वह्यांचा अर्थ आहे. ज्याचे नाव पहिल्या वहीत आहे, तिसरीत मात्र कधीच आले नाही, आणि तरीही जो जिवंत आहे असे छातीवर हात ठेवून कोणास म्हणवत नाही, अशा माणसाचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे. तो माणूस या गावचा असो वा नसो, ख्रिस्ती असो वा नसो. कोठल्या तरी वहीत, कोठल्या तरी आईच्या तोंडी, त्याचे नाव आहेच.

पोटासाठी, युद्धाच्या भयाने, किंवा शेजाऱ्याच्या मुलाने परदेशाहून पाठविलेल्या पैशाचे घर पाहून, लक्षावधी लोक दर वर्षी आपला देश सोडतात. त्यांपैकी ज्यांस सरळ मार्गाने परवाना मिळत नाही, ते चोरवाटेने निघतात. सहाराच्या वाळूतून लिबियाच्या किनाऱ्यास, तेथून मोडक्या होड्यांत भूमध्य समुद्रावर. किंवा दक्षिण अमेरिकेतून पनामाच्या अरण्यातून मेक्सिकोच्या वाळवंटात. संयुक्त राष्ट्रसंघाशी संलग्न असलेली आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना २०१४ पासून या वाटांवर मेलेल्या व हरवलेल्या माणसांची मोजदाद ठेवीत आहे. तिच्या गणतीप्रमाणे एकट्या भूमध्य समुद्राने तेव्हापासून ३०,००० हून अधिक माणसे गिळली. आणि २०२४ या एका वर्षात जगभरच्या वाटांवर किमान ८,९०० माणसे गेली. 'किमान' हा शब्द येथे शिष्टाचारापुरता नाही. जी होडी बुडताना कोणी पाहिली नाही, जिच्यातून एकही जीव वाचला नाही, ती या गणतीत कशी यावी?

आमच्या वडील पिढीस १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडालेल्या 'रामदास' आगबोटीची कथा ठाऊक होती. सहाशेहून अधिक माणसे त्या दिवशी गेली. तो आकांत केवढा होता, हे कोकणच्या किनाऱ्यावरील घरांनी पिढ्यानपिढ्या सांगितले आहे. तथापि त्या घरांस एवढे तरी कळले होते की आपला माणूस अमक्या बोटीवर चढला होता, बोट अमक्या दिवशी अमक्या खडकाजवळ बुडाली. रडावयास एक दिवस होता व एक जागा होती. चोरवाटेच्या प्रवाशाजवळ तेवढेही नसते. होडीला नाव नाही, उतारूंची यादी नाही, तिकीट नाही. कित्येकांना दलालच सांगतो की कागदपत्रे फेकून द्या, खोटे नाव सांगा, घरी कळवू नका. ज्याला हा धंदा करावयाचा आहे, त्याला माणसाचे नाव अडचणीचे असते. म्हणून माणूस बुडण्याच्या कितीतरी आधी त्याचे नाव बुडविले जाते. हे आपण नीट ध्यानात घ्यावे, कारण पुढे आम्ही जे सांगणार आहोत ते सर्व या एका गोष्टीभोवती आहे.

ज्या समुद्रात आजकाल ही माणसे जातात, तो आपणास सर्वथा अपरिचित नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात संत पौलाचे जहाज फुटते ते याच पाण्यावर. पौल बंदिवान होता. शिपायांच्या पहाऱ्यात रोमला चालला होता. हिवाळा तोंडाशी आला आहे, प्रवास धोक्याचा आहे, असे त्याने आधीच बजाविले. परंतु तांडेल व जहाजाचा धनी यांचे बोलणे शताधिपतीला अधिक पटले. मग ते वादळ आले, आणि चौदा रात्री जहाज वाऱ्यावर भरकटले. पुष्कळ दिवस कोणी अन्नास शिवले नव्हते. तेव्हा पौल उभा राहून म्हणतो की, माझे ऐकले असते तर बरे झाले असते. तो संत होता, तरी मनुष्य होता. एकदा बोलून दाखविल्याशिवाय त्याच्याने राहवले नाही! पण पुढच्याच श्वासाला तो त्यांस धीर देतो. पुढे खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने लहान होडी सोडून उतारूंना तसेच टाकून पळू पाहतात, ते पौल ओळखतो आणि शताधिपतीस सांगून त्यांचा बेत मोडतो. जहाज वाळूत रुतून फुटले. ज्यांस पोहता येत होते ते पोहत, बाकीचे फळ्यांवर व जहाजाच्या तुकड्यांवर किनाऱ्यास लागले. लूक येथे एक आकडा देतो, आणि आम्हांस तो सर्व कथेत अत्यंत मोलाचा वाटतो. जहाजावर एकंदर २७६ जीव होते. बंदिवान, शिपाई, खलाशी अशी वेगळी गणती तो करीत नाही. २७६ जीव निघाले आणि २७६ जीव वाचले. माल्टाच्या लोकांनी, पाऊस व थंडी होती म्हणून, शेकोटी पेटवून त्या सर्वांस जवळ केले. आलेले लोक कोण, कोठून, कोणत्या गुन्ह्याखाली धरलेले, हे विचारण्याआधी त्यांनी शेकोटी पेटविली. तीन महिन्यांनी पौल तेथून निघाला आणि सिसिलीच्या सिराकूज बंदरात तीन दिवस राहिला.

त्याच माल्टा आणि त्याच सिराकूज यांच्या दरम्यान, १९९६ साली नाताळच्या रात्री दुसरे एक जहाज बुडाले. ही कथा आपल्या देशाची आहे, आणि आपल्या देशातच ती फार थोड्यांस माहीत आहे.

पंजाबातील, पाकिस्तानातील व श्रीलंकेतील तमिळ प्रांतातील शेकडो तरुणांनी इटलीत पोहोचविण्यासाठी दलालांना पैसे भरले होते. कोणी जमीन विकली, कोणी दागिने. ठिकठिकाणांहून आणून त्यांना 'योहान' नावाच्या एका मालवाहू जहाजावर चढविले, आणि ते जहाज त्यांना घेऊन समुद्रावर फिरत राहिले. २५ डिसेंबरच्या रात्री, खवळलेल्या दर्यात, त्यांना त्या जहाजावरून माल्टाहून आलेल्या एका लहान लाकडी बोटीत उतरविण्यात आले. त्या बोटीवर 'एफ १७४' एवढी खूण होती. तिच्या ऐपतीपेक्षा कितीतरी अधिक माणसे तिच्यात कोंबली होती. थोड्याच वेळात तिच्यात पाणी शिरू लागले. मदतीला बोलाविल्यावर मोठे जहाज परत आले ते लाटांच्या भरात तिच्यावर आदळले, आणि बोट बुडाली. किमान २८३ जण त्या रात्री गेले. पौलाच्या जहाजावर जितके जीव होते, त्याहून सात अधिक. जगभरच्या देवळांत त्या रात्री बाळ येशूचा पाळणा हालत होता.

जे थोडे वाचले, व जे अद्याप मोठ्या जहाजावरच होते, त्यांना ग्रीसच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आले. त्यांनी तेथील पोलिसांस सर्व हकिकत सांगितली. परंतु प्रेते कोठे आहेत? बोट कोठे आहे? काहीच दिसेना. तेव्हा चोरून आलेल्या परदेशीयांच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? इटलीत त्या बुडालेल्या बोटीला 'भुताचे जहाज' म्हणू लागले. इकडे पंजाबातील घरांत मुलाचे पत्र येईल म्हणून लोक वाट पाहत होते. बळवंतसिंग खेरा नावाच्या एका समाजसेवकाने त्या घराघरांत जाऊन नावे गोळा केली, अर्ज केले, वर्षानुवर्षे दरवाजे ठोठावले.

आणि प्रेते मात्र सापडत होती. आम्हांस हा भाग सांगताना जड जाते. सिसिलीच्या दक्षिण टोकाला पोर्तोपालो म्हणून मच्छीमारांचे गाव आहे. तेथील लोक आपल्यासारखेच कॅथलिक, आपल्यासारखेच सणवार करणारे. १९९७ च्या आरंभापासून त्यांच्या जाळ्यांत मासळीबरोबर माणसे येऊ लागली. प्रेत किनाऱ्यास आणले तर बोट अडकून पडणार, चौकशी होणार, मासेमारी बंद होणार, पोरांच्या तोंडी काय घालावे हा प्रश्न येणार. म्हणून त्यांनी ती प्रेते पुन्हा समुद्रात टाकली, आणि गाव गप्प राहिले. त्यांस दगड मारण्याचा आमचा मुळीच विचार नाही. आपल्या लोकांतही दर्यावर जाळे टाकणारी घराणी आहेत, आणि एक महिना बोट किनाऱ्यास बांधून ठेवली तर घराचे काय होते ते त्यांना विचारावे. भुकेच्या भयाने गप्प बसणारा मनुष्य दुष्टच असतो असे नाही. परंतु शेकडो चांगल्या माणसांचे गप्प बसणे एकत्र झाले म्हणजे त्याखाली २८३ माणसे बेपत्ता होऊ शकतात, हेही या गावाने दाखविले.

पाचव्या वर्षी, २००१ साली, साल्वातोरे लूपो नावाच्या तेथल्याच एका मच्छीमाराच्या जाळ्यात एका तरुणाची विजार आली. तिच्या खिशात ओळखपत्र होते. प्लास्टिकमध्ये असल्यामुळे ते समुद्राच्या पाण्यातही टिकले होते. त्यावर श्रीलंकेच्या एका तमिळ मुलाचे नाव, जन्मतारीख व चेहरा होता. मुलाचे वय सतरा. प्रेताकडे पाठ फिरविणे जमते, परंतु नावाकडे पाठ फिरविणे लूपोला जमले नाही. आपली जाळी एका विशिष्ट जागी वारंवार अडकतात, हे त्याला ठाऊक होते. ती जागा त्याने जोवान्नी मारिया बेल्लू या पत्रकाराला दाखविली. समुद्रात यंत्र सोडून छायाचित्रे घेतली, तेव्हा १०८ मीटर खोल पाण्यात ती बोट दिसली. ज्याला भुताचे जहाज म्हटले, ते तळाशी तसेच पडलेले होते. लूपोला यापायी स्वतःच्या गावाचा रोष सोसावा लागला. मोठमोठ्या कचेऱ्यांनी जे पाच वर्षांत केले नाही, ते एका ओळखपत्राने व एका मच्छीमाराच्या अस्वस्थ मनाने केले. परंतु ती बोट वर काढली गेली नाही. आपल्या देशाची ती मुले अद्याप तेथेच आहेत.

यानंतर त्या समुद्रात काय काय झाले ते सविस्तर सांगण्यास वेळ नाही. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी लाम्पेदूसा बेटाजवळ ३६८ प्रेते मिळाली. त्याच्या तीनच महिने आधी, ८ जुलै रोजी, पवित्र पिता पोप फ्रान्सिस यांनी रोमबाहेरचा आपला पहिला प्रवास त्याच बेटाचा केला होता, आणि समुद्रात फुलांचे चक्र सोडले होते. त्या बेटावरील सुतार फ्रान्चेस्को तूच्चो याने फुटलेल्या होड्यांच्या लाकडाचे क्रूस करून वाचलेल्यांस दिले. इटलीच्या आरमाराने त्या दुर्घटनेनंतर शोधमोहीम काढून एका वर्षात सुमारे दीड लक्ष माणसे वाचविली. ती मोहीम खर्चाच्या व राजकारणाच्या कारणाने २०१४ च्या अखेरीस बंद झाली, आणि पुढच्याच एप्रिलच्या १८ तारखेस लिबियाहून निघालेली एक मच्छीमारी बोट सातशेहून अधिक माणसांसह बुडाली. वाचले अठ्ठावीस. १४ जून २०२३ रोजी ग्रीसच्या पायलोसजवळ जी 'आद्रियाना' बुडाली, तिच्यावर सुमारे ७५० माणसे असावीत असा अंदाज आहे. वाचली १०४, आणि प्रेते मिळाली अवघी ८२. बाकीच्यांत पाकिस्तानातील खेड्यांची पुष्कळ मुले होती.

२०१५ च्या त्या बोटीसंबंधी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. इटलीच्या सरकारने ती पुढील वर्षी सुमारे ३७० मीटर खोलीवरून वर काढली. तिच्या पोटात अजून शेकडो प्रेते होती. अग्निशामक दलाच्या जवानांनी ती एकेक करून बाहेर आणली, आणि मिलान विद्यापीठातील न्यायवैद्यक शास्त्रज्ञ क्रिस्तीना कात्तानेओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाची तपासणी केली. इटलीतील अनेक विद्यापीठांच्या वैद्यांनी या कामी वेतनाशिवाय हात दिला. दात मोजले, हाडे पाहिली, कपड्यांच्या शिवणी उसवल्या. काहींच्या कपड्यांत लहान पुडीत बांधलेली माती निघाली. प्रथम ती काय वस्तू आहे हे कळेना. नंतर उमगले की ती त्यांच्या गावची माती आहे. आणि सुमारे चौदा वर्षांच्या एका मुलाच्या कोटाच्या अस्तरात काळजीपूर्वक शिवलेला एक कागद निघाला. तो त्याचे शाळेचे प्रगतिपुस्तक होते. मालीहून निघालेल्या त्या मुलाला वाटले असावे की, परक्या देशात आपण उतरलो म्हणजे हे दाखवावे, मी हुशार विद्यार्थी आहे हे त्यांना कळेल. आपल्या घरांतील आयांनी परगावी जाणाऱ्या मुलाच्या कपड्यांत पैसे व पवित्र पदक शिवून दिल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्या मुलाने विषयवार गुण शिवून घेतले होते.

कित्येक व्यवहारी लोक विचारतात की, मेलेल्यांची नावे शोधण्यात एवढा खर्च कशाला, जिवंतांनाच अन्न पुरत नाही. या प्रश्नाला आमच्या पवित्र शास्त्राने फार पूर्वी उत्तर देऊन ठेविले आहे. तोबीतचा ग्रंथ कॅथलिक शास्त्रात आहे. दुर्दैवाने तो आपण क्वचित उघडतो. तोबीत हा निनवे शहरात बंदिवासात राहणारा, म्हणजे स्वतःच परदेशात नेलेला मनुष्य. राजाने मारून कोटाबाहेर टाकलेली आपल्या लोकांची प्रेते तो रात्री उचलून आणी व पुरी. या अपराधासाठी त्याची मालमत्ता गेली, जीव घेऊन पळावे लागले. परत आल्यावर, सणाच्या दिवशी ताट वाढलेले असताना, बाजारात एक प्रेत पडले आहे असे मुलाने येऊन सांगितले, तेव्हा घास न घेता तो उठला. शेजारी हसले, म्हणाले की, याची अजून खोड गेली नाही. तोबीतचा देव त्या खोडीवर प्रसन्न झाला, आणि ख्रिस्तसभेने दयेच्या सात शारीरिक कृत्यांत मृतांस पुरणे हे कृत्य घातले. भुकेल्यास अन्न देणे आणि मृतास पुरणे ही एकाच यादीत आहेत. एकासाठी दुसरे सोडण्याची मुभा त्या यादीत कोठे दिसत नाही.

दुसरेही उत्तर आहे, आणि ते जिवंतांसंबंधीच आहे. बेपत्ता माणसाची पत्नी विधवा आहे की सधवा? भारताच्या कायद्यात, जो मनुष्य सात वर्षे ज्यांना त्याची खबर लागावी त्यांनाही लागली नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो; १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. परंतु ख्रिस्तसभेचा कायदा याहून कडक आहे. धर्मकायद्याच्या १७०७ व्या कलमाप्रमाणे, मृत्यूचा विश्वसनीय दाखला नसेल तर बिशपांनी रीतसर चौकशी करून मृत्यू गृहीत धरल्याचे जाहीर केल्याशिवाय विवाहबंधन सुटत नाही. आणि माणूस पुष्कळ वर्षे दिसला नाही, एवढेच कारण त्यास पुरत नाही. साक्षी लागतात, माहिती लागते, ज्यावरून मनाची नैतिक खात्री व्हावी असा पुरावा लागतो. लग्नाचे पावित्र्य राखण्यासाठी हे योग्यच आहे. पण मग विचार करा, समुद्राच्या तळातून निघालेले एक ओळखपत्र, एका वैद्याने लिहिलेला एक कागद, कोठल्या तरी खेड्यातील एका स्त्रीला किती वर्षांच्या कोंडीतून सोडवू शकतो! जमिनीचा वारसा, मुलांचे पालकत्व, पेन्शन, विमा, सर्व त्या एका कागदावर अडलेले असते. आणि ज्या आईला कागदाशी काही कर्तव्य नाही, तीसुद्धा रात्री दाराला कडी लावताना क्षणभर थांबते.

अशा घरी सांत्वनास जाणारे आपण बहुतेक चुकीचे बोलतो. काहीजण म्हणतात, आता तो गेला असे समजा. काहीजण म्हणतात, तो नक्की येईल. दोन्हीही आपल्या ज्ञानाबाहेरचे आहे. आम्हांस वाटते की येथे ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेत जी सोय आहे, ती आपण विसरलो आहोत. धर्मकायद्याच्या ९०१ व्या कलमाने धर्मगुरूस कोणाही माणसासाठी, तो जिवंत असो वा मृत, मिस्सा अर्पण करण्याची मोकळीक आहे. बेपत्ता माणसासाठी मिस्सा मागताना, तो जिवंत की मृत हे कोणाही आईने ठरविण्याची गरज नाही. देवाला ते ठाऊक आहे. मृतांच्या मिस्सेला नाव द्यावयाचे म्हणजे मुलाचा आपल्या हाताने शेवट केल्यासारखे होईल, या भयाने ज्या बाया नाव देत नाहीत, त्यांस धर्मगुरुवर्यांनी हे कलम अवश्य समजावून सांगावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

आता थोडे आपल्या दाराशी. आपल्या लोकांनी परदेश पाहिला आहे. जहाजांवर, आखाती देशांत, अन्यत्रही, आपल्या घरांतील माणसे पिढ्यांपासून कष्ट करीत आली, आणि या देवळाच्या छपरापासून घंटेपर्यंत त्यांच्या घामाचा पैसा आहे. ते सरळ कागदपत्रांनी गेले. पण चोरवाट आपल्यापासून दूर आहे असे मात्र समजू नये. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरास आणून सोडले, तेव्हा त्यांच्यात पंजाब, हरयाणा, गुजरात यांचे लोक अधिक होते; तथापि वृत्तपत्रांनी दिलेल्या यादीत महाराष्ट्राचेही तिघे होते. ते जिवंत परत आले, हे त्यांच्या घरच्यांचे भाग्य. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातचे एक कुटुंब, आईबाप व दोन मुले, कॅनडाच्या हद्दीवर बर्फात गोठून मेले. सीमा तेथून थोड्याच पावलांवर होती. त्यांची प्रेते मिळाली म्हणून आपणांस कळले.

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या दलालाने १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली सरकारी नोंदणी करून घेतली पाहिजे, असा कायदा आहे, आणि त्या नोंदणीची चौकशी घरबसल्या सरकारी संकेतस्थळावर करता येते. नोंदणी नसलेला दलाल कितीही गोड बोलो, रविवारी मिस्सेला कितीही पुढच्या बाकावर बसो, त्याला पैसे देऊ नयेत. आणि जर तो म्हणाला की, तिकडे जाईपर्यंत घरी काही कळवू नका, पासपोर्ट आमच्याकडे द्या, नाव दुसरे सांगा, तर तेथेच उठून यावे. आमच्या मते सर्वांत पक्की खूण हीच. जो तुमच्या मुलाचे नाव काढून घेतो, तो त्याला परत देण्याचा हिशेब करीत नाही.

याउलट, कोणी निघालाच असेल, अगर निघून बेपत्ता झाला असेल, तर त्याला दोष देत बसण्यात अर्थ नाही. पौल एकदा बोलला आणि मग कामास लागला, तेवढे पुरे. त्याचे अलीकडचे छायाचित्र, अंगावरील खुणा, दंतवैद्याचे कागद असल्यास ते, शेवटचा निरोप कोणत्या दिवशी कोठून आला याची टिपण, हे सर्व जपून ठेवावे. भारतीय रेड क्रॉस संस्थेमार्फत हरवलेल्या नातलगाचा शोध मागता येतो. युरोपच्या वाटेवर हरवलेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने २०१३ पासून अशी सोय केली आहे की नातलगांनी स्वतःचे छायाचित्र लावून आपण कोणास शोधतो ते जाहीर करावे. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविण्यास लोक लाजतात, कारण मुलगा चोरवाटेने गेला हे उघड होईल. ही लाज फार महाग पडते. पंजाबातील कित्येक घरांस पडली.

शेवटी धर्मग्राम-मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवीत आहोत, आणि धर्मगुरुवर्यांनी तिला अनुमती दिली आहे. २६ डिसेंबर हा संत स्तेफनाचा सण. ख्रिस्तसभेचा तो पहिला रक्तसाक्षी. त्याला दगडांनी मारले, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे की भक्तिमान माणसांनी त्याला नेऊन पुरले व त्याच्यासाठी मोठा शोक केला. त्या भक्तिमान माणसांची नावे शास्त्राने दिलेली नाहीत. १९९६ ची ती बोट बुडाली ती याच सणाच्या पहाटेला लागून असलेल्या रात्री. तेव्हा येत्या स्तेफनाच्या दिवसापासून दर वर्षी सायंकाळची मिस्सा वाटेवर हरवलेल्या सर्वांसाठी व्हावी. आणि मृतांच्या वहीशेजारी एक कोरी वही ठेवावी, जिच्यात या धर्मग्रामाच्या कोणाही घरच्या बेपत्ता माणसाचे नाव, वय, निघाल्याचा दिवस व शेवटच्या निरोपाचा दिवस लिहिता येईल. पाचवा रकाना मोकळा राहील. आज या सभेनंतर ती वही देवळाच्या मागील मेजावर, पवित्र पाण्याच्या पात्राजवळ, ठेवली जाईल. लिहिता न येणाऱ्यांसाठी आमच्यापैकी दोघेजण तेथे बसतील.